लपणातली बाई

६ एप्रिल

ताई, नमस्कार.

आज दुपारी पोहोचले. बस वेळेवर होती. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून तळं दिसतं. तळं म्हणजे अर्ध्याहून जास्त बोरूचं उंच गवतच, मधेमधे पाणी. वारा गार आहे. तुम्ही म्हणालात म्हणून यांचा राखाडी स्वेटर आणला होता, तो आल्या आल्या अंगात घातला. जेवायला सूप आणि पाव होता. फोन इथे लागत नाही, पण दुपारच्या बसने टपाल जातं, म्हणून लिहिते.

जागा चित्रपटात दिसते तशीच आहे, फक्त लहान. विश्रामगृहाच्या जिन्यात, जेवणघरात, अगदी न्हाणीघराच्या दारावरसुद्धा चित्रपटाची पोस्टरं लावली आहेत. इथे येणारे सगळे तो पाहूनच आलेले असतात. दोन वसंत हे इथे पाखरांचे आवाज गोळा करत बसले आणि त्यांच्या सांगण्यावरून तो दिग्दर्शक इथे आला, हे इथल्या कोणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. वहीत सही करताना मीही काही बोलले नाही. मला फक्त ती जागा बघायची होती.

चारच्या फेरीला गेले. गळ्यात लाल मफलर घातलेला एक माणूस सगळ्यांना फिरवतो. नायिका चिखलात पडते ती जागा त्याने दाखवली, होडी उलटते ती दाखवली. शेवटी लपणात नेलं. लपण म्हणजे काठावरची बोरूची खोली, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. चित्रपटातला तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. दोघं शेजारी बसलेले, बोलत नाहीत, पक्षी गायला लागला की ती एक बोट वर करते आणि तो तिच्याकडे बघत राहतो. मफलरवाला म्हणाला की ही गोष्ट मनाने रचलेली नाही. आवाज घेणारा एक माणूस खरोखरच इथे यायचा आणि इथलीच एक बोरू कापणारी बाई दिवसदिवस त्याच्याजवळ बसायची. दिग्दर्शकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तसंच घेतलं.

मग तो म्हणाला, "चित्रपटात ते वेगळे होतात. खऱ्यात काय झालं ते आम्ही सांगत नाही."

सगळे हसले. मीही हसले, कारण माझ्या शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं.

येताजाता हे तुमच्याकडे उतरायचे. कधी काही बोलले होते का? खरं असेल ते लिहा. मी रडून गोंधळ घालणारी नाही, हे तुम्हाला माहीत आहे.


९ एप्रिल

प्रिय प्रयोगशाळाबाई,

तुझं पत्र दुकानात मिळालं. तीन शाळांचे गणवेश एकदम आलेत, गुडघाभर निळ्या कापडात बसून लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

अगं, त्या मफलरवाल्याचं पोटच गोष्टीवर आहे. आज बोट वर केलं म्हणतो, पुढच्या वर्षी हात धरला म्हणेल. तू कशाला मनाला लावून घेतेस? आमचा धाकटा म्हणजे दगड. लग्न ठरल्यावर तुला पहिलं पत्र लिहायचं होतं, तेव्हा मजकूर माझ्याकडून घेऊन गेला होता. हवापाण्याचं विचारायचं की नाही, इथून सुरुवात. तो काय प्रेम करणार, तेही थंडीत, तोंड मिटून, डास चावत असताना!

एक वर्ष झालं तो जाऊन. तू घरात कोंडून घेतलंस, एक शब्द बोलली नाहीस, आणि आता निघालीस तर थेट तिथेच. मी तेव्हाच म्हटलं होतं, समुद्रावर जा, डोंगरावर जा. असो. गेलीच आहेस तर चार दिवस हवा खा, पाखरं बघ आणि परत ये. उकरत बसू नकोस. त्या हिरव्या होडीवालीच्या वाटेला तर मुळीच जाऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जेवणाकडे लक्ष दे. नुसत्या सुपावर माणूस जगत नाही.

तुझी ताई


१३ एप्रिल

ताई, नमस्कार.

काल पत्र मिळालं. आज सकाळी धुकं होतं. फेरीला गेले नाही. नाश्ता केला, पत्र पुन्हा वाचलं आणि एकटीच रस्त्याने निघाले.

होडी हिरवी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? चित्रपटात ती पांढरी आहे. माझ्या पत्रात होडीचा रंग सोडाच, त्या बाईला होडी आहे हेसुद्धा नव्हतं. पाण्याचे नमुने तपासण्यात माझी नोकरी गेली. बाटलीवर लिहिलेलं आणि बाटलीत असलेलं जुळलं नाही, तर मी सही करत नाही. मला दुसरं काही कळत नाही, पण एवढं कळतं.

होडी खरंच हिरवी आहे. आज पाहिली. विश्रामगृहाच्या मागच्या रस्त्याने गेलं की तिची शेड लागते. छपरासाठी बोरूच्या पेंढ्या बांधून विकते. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. मी आत गेले नाही, उंबऱ्यावर उभी राहिले. समोरच्या खिळ्यावर यांचा हेडफोन टांगलेला होता.

यांचाच. डाव्या कानाची गादी फाटली होती ती मीच काळ्या कापडाने शिवून दिली होती, आणि काळा दोरा संपला म्हणून पांढऱ्याने. तो पांढरा दोरा मला लांबून दिसला. पहिल्या वसंतानंतर परत आले तेव्हा म्हणाले होते की हेडफोन पाण्यात पडला, बुडाला. नवा घ्यायला मीच बरोबर गेले होते.

तेवढ्यात ती मागून आली. हातात विळा. उंच आहे, पंचेचाळिशीची असेल, उन्हाने रापलेली, पण चांगली दिसते. काय हवं विचारलं. मी म्हटलं, वाट चुकले. तिने माझ्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, वाट तुमच्या मागे आहे. मी परत आले.

मला आता दोन माणसांचा संशय येतो आहे. एक आता नाही. दुसऱ्या तुम्ही आहात. काय माहीत आहे ते लिहा.


१६ एप्रिल

बरं, सापडले. हात वर.

त्याने मला फोटो दाखवला होता. दुसऱ्या वसंतानंतर आला तेव्हा. कॅमेऱ्याच्या त्या इवल्याशा पडद्यावर तळं, बोरू, बगळे, आणि मध्येच हिरव्या होडीत बसून हसणारी एक बाई. कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, मदत करते. मी म्हटलं, पाखरांचा आवाज घ्यायला मदत कसली? पाखरू धरून आणते की काय? तो हसला नाही.

त्या संध्याकाळी मी भांडी पुसत होते. तो मागे येऊन उभा राहिला, मला वाटतं बराच वेळ. मग म्हणाला, "ताई, एक गोष्ट आहे, ती घरी सांगता येत नाही." मी मागे वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "मग इथेही सांगू नकोस." उद्या तू विचारलंस तर मला तुझ्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून. तो झोपायला गेला. सकाळी चहा घेऊन निघून गेला.

पुढे तो चित्रपट आला. मी शेजारणींबरोबर गेले होते. त्या प्रसंगाला सगळ्या उसासे टाकत होत्या आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. पाठचा भाऊ, पण त्या दिवशी समोर असता तर कानाखाली दिली असती. तुला काय सांगणार होते? तो गेल्यावर तर प्रश्नच मिटला असं वाटलं.

आता माझं ऐक. हेडफोन तुझा आहे. जा, उचल आणि बसमध्ये बस. तिच्याशी एक शब्द बोलू नकोस. आणि बोलायचंच असेल, चार शब्द सुनवायचेच असतील, तर थांब. गणवेश गेले खड्ड्यात, मी येते. तुला कोणाला सुनवता येत नाही, ते खातं माझ्याकडे असू दे.

ताई


१९ एप्रिल

ताई, नमस्कार.

काल पाऊस नव्हता. दुपारी जेवण करून तिच्याकडे गेले. तासभर बसले. तुम्ही येऊ नका, गरज नाही.

ती पेंढ्या बांधत होती. मी म्हटलं, आवाज घ्यायला यायचे त्यांची मी बायको. ती म्हणाली, माहीत आहे, स्वेटर त्यांचा आहे. मग तिने उठून खिळ्यावरचा हेडफोन काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. बसायला खोकं दिलं. मी बसले नाही. तुमच्यात काय होतं, एवढंच विचारलं. वाटेत घोकलेली बाकीची वाक्यं आठवली नाहीत.

ती रागावली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला त्यांनी सांगितलंच नाही?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"अहो, त्यांना किरकिऱ्या ऐकूच येत नव्हता."

किरकिऱ्या म्हणजे तो चित्रपटातला पक्षी. बोरूत बसतो, दिसत नाही. आवाज रातकिड्यासारखा, बारीक, एकसुरी. तिने सांगितलं ते असं. यांचे कान बारीक आवाजांना जात चालले होते. आधी रातकिडे गेले, मग हा पक्षी. माणसांचं बोलणं समोर बसून कळायचं, बाकीचं अंदाजाने. आवाज घ्यायच्या यंत्रावरचा काटा हलायचा, पण तो बोरूतल्या वाऱ्यानेही हलतो. पहिल्या वसंतात हे पंधरवडाभर नुसता वाऱ्याचा आवाज घेत बसले. तिच्या होडीतून ये-जा करायचे. एकदा तिनेच विचारलं, इतका वेळ तो गातोय, तुम्ही यंत्र का चालू करत नाही? तेव्हा यांना सांगावं लागलं.

तेव्हापासून हेडफोन तिच्या कानांवर. पक्षी सुरू झाला की ती बोट वर करायची, थांबला की खाली. बोलली तर बोलणं यंत्रात जाईल, म्हणून बोट. हे दिवसभर तिच्या हाताकडे बघत बसायचे. नजर हलली आणि खूण हुकली तर पक्षी पुन्हा कधी गाईल त्याचा नेम नाही. दिग्दर्शक आला तो लपणात यांच्या मागे बसला. एक पुरुष एका बाईवरून नजर काढत नाही, एवढं त्याला दिसलं.

ती दिग्दर्शकाला सांगणार होती. यांनी अडवलं. म्हणाले, "राहू दे. प्रेमात पडलाय असं वाटलं तर हसतील. ऐकू येत नाही समजलं तर उद्यापासून काम कोण देईल?"

हे ती अगदी यांच्याच सुरात म्हणाली. मग मी खोक्यावर बसले.

हसले लोक, पण तिलाही हसले. तिचा नवरा ट्रक चालवतो, आठवड्याने घरी येतो. चित्रपट लागल्यापासून तो त्या होडीत पाय ठेवत नाही. चहाच्या टपरीवर कोणीतरी बोट वर करून दाखवतं आणि तो घरी येऊन जेवत नाही. ती विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाकडे गेली होती, ती गोष्ट सांगणं बंद करा म्हणायला. तो म्हणाला, लोकांना आवडते, आणि तुमचं नाव कुठे घेतो आम्ही? तिने नवऱ्याला खरं काय ते सांगितलं आहे. तो म्हणतो, त्या माणसाच्या घरचं कोणी येऊन सांगू दे. ती वर्षभर वाट पाहत होती. हेडफोनही त्यासाठीच ठेवला होता, मागायला कोणीतरी येईल म्हणून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तिनेही यांना तेच विचारलं होतं म्हणाली. यांचं उत्तर तिने सांगितलं. वडिलांचे कान गेले आणि आई जन्मभर त्यांच्याशी ओरडून बोलली. प्रेमाने बोलली तरी ओरडून. बायकोला कळलं तर तीही मोठ्याने बोलायला लागेल. तिचा आवाज हळू आहे, तो तसाच राहू दे, ऐकू आला नाही तरी.

मी हेडफोन घेऊन परत आले. जेवले नाही.


२२ एप्रिल

अगं,

पत्र वाचलं, दुकान बंद केलं आणि वर येऊन पुन्हा वाचलं.

पहिला विचार आला तो सांगते, रागावू नकोस. बाई हुशार आहे. ज्याला विचारायचं तो नाही, यंत्र बोलत नाही, आणि ट्रकवाला नवरा रुसलाय, त्याला समजवायला तुझ्यासारखी सरळ साक्षीदार आयती दारात आली. तिने पदराने पुसून हेडफोन दिला आणि तू खोक्यावर बसलीस.

आईचं म्हणशील तर ते खरं. आई हाक मारायची तेव्हा चार घरांतली माणसं ओ द्यायची. बाबा मात्र हसत बसायचे. पण हे काय गुपित आहे? लपणात जवळ बसलेल्या बाईला माणूस आपल्या आईबाबांचंही सांगतोच. त्यावरून त्याला ऐकू येत नव्हतं हे कुठे ठरतं? माझ्याकडे यायचा तेव्हा नीट बोलायचा. समोर बसून बोलायचा, पण नीट बोलायचा.

तू एका नमुन्यावर सही करत नाहीस ना? मग आता का करतेस? दुसरा नमुना कुठे आहे?

आणि खरं असेल तर मी त्या दिवशी भांडी पुसत…

जाऊ दे. मशीनचं तेल हाताला लागलंय, कागद खराब होतोय.

ताई


२५ एप्रिल

ताई, नमस्कार.

आज सकाळी पत्र मिळालं. हवा स्वच्छ होती. दहाच्या फेरीला गेले, एकच्या सुमाराला परतले.

तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. मलाही त्या रात्री झोप लागेपर्यंत तेच वाटत होतं, की बाईने मला गुंडाळलं. दुसरा नमुना मी इथे शोधत होते. तो घरीच होता.

किटलीला शिट्टी आहे. गेली तीन-चार वर्षं यांनी चहा ठेवला की पाणी आटेपर्यंत शिट्टी वाजत राहायची. हे शेजारी वाचत बसलेले. मी म्हणायचे, लक्ष कुठे असतं तुमचं? स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नसत. मी दुसऱ्यांदा हाक मारणारी बाई नाही. मला वाटलं, नको असेल बोलायला. मग मीही बोलणं कमी केलं. जेवताना शेजारी बसायचे ते समोर येऊन बसायला लागले आणि मी बोलताना तोंडाकडे टक लावून बघायचे. चुका काढायला बघतात असं मला वाटायचं. एकदा विचारलंही, काय बघता? म्हणाले, काही नाही.

चित्रपट आम्ही दोघांनी मिळून पाहिला. शेवटी पडदा काळा होतो आणि मिनिटभर नुसता तो पक्षी ऐकू येतो. बाहेर आल्यावर यांनी मला विचारलं, पक्षी नीट ऐकू आला का तुला? मी म्हटलं, आला की. पुन्हा विचारलं, नक्की? मला वाटलं, कौतुक हवंय. लपणातल्या त्या प्रसंगावरून मी आधीच घुश्शात होते. म्हटलं, ऐकू आला म्हटलं ना, किती वेळा सांगू? त्यांना खरंच माहीत नव्हतं. स्वतः घेतलेला आवाज, तो पडद्यावर आला की नाही हे त्यांना मला विचारावं लागलं.

परवा त्या बाईबरोबर लपणात बसले. मी खाली बघत होते. किरकिऱ्या सुरू झाला, मी मान वर केली, तर तिचं बोट आधीच वर होतं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

संशय समूळ गेला असं लिहिणार नाही. दुसरी बाई नव्हती, एवढ्याने मला बरं वाटायला हवं होतं. तेवढं वाटत नाही. तिला सांगितलं, मला नाही, हे राहतंच. मी मोठ्याने बोलले असते का, हे मला न विचारताच त्यांनी ठरवलं. त्याचा राग येतो. तुम्ही भांडी पुसत होतात त्याबद्दल मात्र काही लिहू नका. मीही किटली उतरवत होते.

आजच्या फेरीत बावीस-पंचवीस माणसं होती. मफलरवाला लपणाशी आला आणि खऱ्यात काय झालं ते आम्ही सांगत नाही, या वाक्यापर्यंत पोहोचला. लोक हसले. मी मागे उभी होते. मी म्हटलं, मी सांगते.

आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणावं लागलं. मग सगळे वळले. मी म्हटलं, "आवाज घेणारे होते त्यांची मी बायको. त्यांना हा पक्षी ऐकू येत नव्हता. त्या बाई ऐकायच्या आणि बोट वर करून सांगायच्या. तेवढंच होतं. त्यांच्यामुळे हा आवाज तुम्हाला ऐकायला मिळाला."

एवढं मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. पक्षी उडाला असेल तर माझ्यामुळेच. कोणीतरी विचारलं, मग चित्रपट खोटा का? मफलरवाला म्हणाला, चला, चहाची वेळ झाली. एक म्हातारे गृहस्थ मागे थांबले. त्यांच्या कानात यंत्र होतं. ते लपणाची फट बघून गेले.

व्यवस्थापकाने मला खोलीवर बोलावणं पाठवलं. उद्यापासून फेरीत येऊ नका म्हणाला. मी म्हटलं, लपण सार्वजनिक आहे, मी फेरीच्या आधी जाऊन बसेन. तो जरा घाबरल्यासारखा वाटला. तुमचं खातं थोडं माझ्याकडे आलं म्हणायचं. ट्रकवाला शनिवारी येणार आहे. त्याला भेटून मग रविवारच्या बसने निघेन.

परत येताना लाकडी वाटेची एक फळी मोडली होती, तिथे पाय चिखलात गेला. आता बाहेरच्या नळाखाली बूट धुतले आहेत. चिखल टाचेत घट्ट बसला होता, काडीने काढावा लागला. हे पत्र पाकिटात घातलं की खालून जुनी वर्तमानपत्रं मागून आणते, बोळे करून बुटांत कोंबते आणि खिडकीशी वाळत ठेवते.